बाबा टीव्हीला वाकायचे

माझी धाकटी बहीण शिओरी दिवसभर आमच्या घरात असायची आणि वर्षानुवर्षं घरी आलेली नव्हती. टीव्ही लावला की ती. कपडे धुवायच्या पावडरीत ती, विम्यात ती, सर्दीच्या गोळीत ती. सगळ्या जपानची लाडकी नटी. बेटावरच्या बायका मला मासळीच्या दुकानात गाठून विचारायच्या, "तोमोए, शिओरी कशी आहे गं?" मी म्हणायचे, "तुम्हीच सांगा की. तुमच्याकडेही येतेच ना रोज."

यातलं काही मला झोंबलं नाही. झोंबली ती सोया सॉसची जाहिरात.

आमचा धंदाच सोया सॉसचा. पणजोबांपासूनचा. मागच्या कोठारात देवदाराची माणसाहून उंच पिपं आहेत, त्यांत सोयाबीन, गहू आणि मीठ दोन-दोन उन्हाळे मुरतं. आणि आमच्या शिओरीने जाहिरात घेतली कुणाची, तर देशातल्या सगळ्यात मोठ्या सोया सॉस कंपनीची. त्या लोकांचा एका दिवसाचा माल म्हणजे आमची सगळी हयात.

घेण्याआधी तिने बाबांना फोन केला होता, हे मात्र खरं. मी शेजारीच उभी होते. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं मोठं काम आहे, नाही कशाला म्हणतेस? घे." फोन ठेवून सरळ पिपं ढवळायला गेले. मी मागून ओरडले, "अहो, घरचा दिवा विझवायला निघालीय ती." ते म्हणाले, "आपला दिवा तिच्या फुंकरीने विझण्याइतका लहान आहे का?" मला राग आला की मी भांडी आपटते. त्या दिवशी पुष्कळ आपटली.

जाहिरातीच्या धंद्यात एक अट असते. जाहिरात करणारी नटी दुसऱ्या कंपनीच्या मालाबरोबर कुणाच्या नजरेस पडता कामा नये. फोटोत तर नाहीच नाही. आता आमच्या दारावरच आमच्या मालाचं नाव हातहातभर अक्षरांत लिहिलेलं. म्हणजे तिने स्वतःच्या घरासमोर उभंसुद्धा राहायचं नाही. तिचं सगळं काम बघणारा ओकिता म्हणून एक गृहस्थ आहे, त्याने मला हे फोनवर इतक्या अदबीने समजावलं की मला शिवीही देता आली नाही.

जाहिरातीत ती थंड टोफूवर सॉसची धार सोडते. एक घास घेते. डोळे अर्धे मिटते, बट कानामागे सारते आणि म्हणते, "आहा, हीच ती चव." मग हसून वाकून नमस्कार करते. आणि इकडे चटईवर बसलेले बाबा तिला उलट वाकून नमस्कार करायचे. प्रत्येक वेळी. हातातला भाताचा वाडगा खाली ठेवून.

"टीव्हीला कसला नमस्कार करताय?" मी म्हणायचे.

"ती करते ना आपल्याला? मग आपण नको करायला?"

"ती सगळ्या देशाला करते, बाबा."

"आपण देशाबाहेर आहोत का?"

वर्षअखेरीला आमच्याकडे सगळ्यांना भेटी जातात. शिओरीच्या वतीने त्या तिच्या ऑफिसातूनच निघायच्या, नातेवाइकांची नावं बघून. त्या डिसेंबरात आमच्या दारात एक सुंदर बांधलेलं खोकं आलं. उघडलं तर त्या मोठ्या कंपनीच्या सोया सॉसच्या बाटल्या. सोया सॉस करणाऱ्याच्या घरी दुसऱ्याचा सोया सॉस भेट. खोकं आणणारा आमच्या गावचाच, त्याला दारावरची पाटी वाचता येत होती, बिचारा मान वर करेना. मी म्हटलं, समुद्रात टाकते. बाबांनी खोकं माझ्या हातातून घेतलं आणि देव्हाऱ्यात आईच्या फोटोसमोर ठेवलं. "लेकीने पाठवलंय," ते आईला म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. संतापाने रडले असं तेव्हा मला वाटलं होतं.

शिओरी लहान असताना आमच्या घरची चव तीच ठरवायची, हे बाहेर कुणाला ठाऊक नाही. मुरलेला माल कापडात गुंडाळून दाबला की पहिले थेंब बाबा तिच्या तळहातावर सोडायचे. ती चाटायची. आवडलं नाही तर तोंड वाकडं करून हात बाबांच्या एप्रनला पुसायची. आवडलं तर एक शब्द बोलायची नाही, नुसता हात पुन्हा पुढे करायची. तो हात पुन्हा पुढे आल्याशिवाय बाबांनी कधी बाटल्या भरल्या नाहीत. मी थोरली, पण मला कधी विचारलं नाही. माझ्या जिभेला सगळंच खारट लागतं, असं ते म्हणायचे, आणि खोटं नव्हतं ते.

मग बाबांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. अंथरुणाला खिळण्याआधी त्यांनी एक पीप स्वतःच्या हातांनी लावलं होतं. ते या वसंतात तयार झालं. मी दाबून पहिला माल काढला, वाटीत घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांनी वास घेतला, चाखला मात्र नाही. पाणीसुद्धा उतरत नव्हतं घशाखाली.

"शिओरीला चाखव," ते म्हणाले. "तिला आवडलं की मी मोकळा."

बाकी काही मागितलं नाही त्यांनी. मी ओकिताला फोन लावला. तो शूटिंगच्या तारखा सांगायला लागला, कुणी फोटो काढला तर काय, म्हणायला लागला. मी म्हटलं, "तिचा बाप मरतोय. तुमच्या तारखांचं काय लोणचं घालायचं ते घाला."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने आली. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. समोर पाटी म्हणून मागच्या दाराने, पिपांमधून वाट काढत आली. कोठारात थांबून तिने मास्क खाली केला आणि वास घेतला. मी इतकी वर्षं तिला सुनवायला काय काय जमवून ठेवलं होतं. म्हटलं एवढंच, "वाळलीस किती. चल."

बाबांना उशा लावून बसवलं. शिओरी त्यांच्या पायांपाशी बसली, ते नुसते तिला बघत राहिले. मी टोफू कापला, वर नवीन सॉस घातला आणि बशी तिच्या हातात दिली. तळहातावर द्यायला हवा होता का? पण आता ती मोठी बाई, एवढी नावाजलेली. मला ते सुचलंच नाही.

तिने घास घेतला. बाबांची नजर तिच्या तोंडावर. तिने डोळे अर्धे मिटले, बट कानामागे सारली.

"आहा," ती म्हणाली. "हीच ती चव."

तोच आवाज. मान तेवढीच कललेली. खोलीत टीव्ही बंद होता, तरी मी वळून टीव्हीकडे बघितलं.

बाबा हसले. मग मोठ्या कष्टाने त्यांनी उशीवरून पाठ सोडवली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि तिला वाकून नमस्कार केला. टीव्हीला करायचे तसाच. मी त्यांना धरून परत टेकवलं.

शिओरीचा चेहरा पांढरा पडला. बाबा टीव्हीसमोर काय करतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नाही. बाप लेकीला असा नमस्कार करत नाही, एवढं तिला कळत होतं.

"बाबा, नाही, तसं नाही," ती म्हणाली. तिने बशी खाली ठेवली आणि हात पुढे केला. तळहात वर. "बाबा, अजून. बाबा, बघा ना."

बाबांनी डोळे मिटले होते. श्वास चालू होता. ती हात तसाच धरून त्यांना हाका मारत राहिली, पण त्या नमस्कारातच त्यांची होती नव्हती ती ताकद गेली होती. ते झोपले ते झोपलेच. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. मधल्या वेळात त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत.

"ताई," त्या दिवशी तिथेच, त्यांच्या उशाशी, ती मला म्हणाली, "खरंच चांगलं होतं गं. खरंच आवडलं मला. मला दुसरं कसं म्हणायचं ते आठवेचना."

तिचा हात अजून पुढेच होता. मी वाटी उचलली आणि त्यावर एक थेंब सोडला. तिने तो चाटला नाही. मूठ मिटली, आणि मग मनगटावरून तो काळा ओघळ तिच्या बाहीत गेला.