कोटाचे शेवटचे काज

सासूबाईंच्या शिवणघराचा एक नेम होता. कोट कोणीही बेतो, कोणीही शिवो, त्याचे शेवटचे काज सासूबाईंच्याच हातचे. त्यावाचून कोट उंबरठा ओलांडीत नसे.

त्या दिवशी दुपारच्या चहानंतर सून इंग्रजीच्या वर्गाचा अभ्यास घेऊन बसली होती. एका वाक्प्रचारापाशी तिची गाडी अडली: ‘पुल द वूल ओव्हर समवन्स आइज.’

“डोळ्यांवर लोकर ओढायची? थंडी वाजते की काय डोळ्यांना?” कटिंगमास्तर हसले.

“मास्तर, तुम्ही कात्रीपुरतंच बोला,” सासूबाई म्हणाल्या. “अगं, आपण डोळ्यांत धूळ फेकतो, ते लोकर ओढतात. फसवणं ते फसवणंच. हं, आता वाक्यात वापर बघू.”

सून वहीचे पान उगाच उलटू लागली.

माहेरी आलेल्या लेकीच्या जिभेला हाड कधी नव्हतेच. “मी सांगते ना! वहिनी रोज आईच्या डोळ्यांवर लोकर ओढते.”

मास्तरांची कात्री कापडातच थांबली. कोणीही हसले नाही, आणि त्या न हसण्यानेच सासूबाई सावध झाल्या.

“काय फसवलंस गं मला?”

“आई... तुम्ही जरा आडव्या झालात की तुमची काजं मी उसवते. पुन्हा करते. हल्ली टाके वाकडे पडतात हो. गिऱ्हाइकं कोट परत आणायला लागली होती.”

“मास्तर, तुम्हांला ठाऊक होतं?”

मास्तरांनी मान खाली घातली.

सासूबाईंनी खुंटीवरचा तयार कोट ओढला आणि काज बोटांनी चाचपले. घट्ट, एकसारखे, देखणे. त्यांचे नव्हे. असल्याच काजाची सकाळी एका गिऱ्हाइकाने तोंडभर तारीफ केली होती, आणि त्यांनी ती मान ताठ करून घेतली होती!

“म्हणजे सगळ्या घराला डोळे. आंधळी तेवढी मीच.”

सुनेला हुंदका फुटला.

“कोटावर रडू नकोस. डाग पडतो.” सासूबाईंनी सुई तिच्यापुढे धरली. “आजपासून शेवटचं काज तुझं. आणि माझं एखादं उसवायचं राहिलं असेल, तर ते आत्ता उसव. माझ्यादेखत.”

सुनेने कालचा एक कोट मांडीवर ओढला. पहिला टाका तुटला. सासूबाई पाहत राहिल्या, दिसत होते तेवढे.