विल्किनचे नऊ दिवस

"डाव्या हातानं पितोयस," एस्तेबानिया मावशी म्हणाली.

माझ्या नवऱ्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि चोरी पकडली गेल्यासारखे दोन्ही हात टेबलाखाली घेतले. साठी ओलांडलेला धिप्पाड गडी, पण मावशीपुढे त्याचं नेहमीच मांजर होतं.

"उजवा खांदा दुखतोय, मावशी."

"खांदा म्हणे! डावखुरा माझा पोरगा होता. तू नव्हतास."

मी शेगडीकडे तोंड करून उभी राहिले. वर्षभर मीही पाहत होते. दाढी डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने. परवा अंगणातून त्याने लिंबू फेकलं तेही डाव्याने, आणि ते लांबच्या बादलीत नेमकं जाऊन पडलं. मी काही विचारलं नाही. आमच्या उसाच्या वस्तीत या बाबतीत कुणी कुणाला काही विचारत नाही.

त्याचं जन्माचं नाव एलिखियो. तो एकोणीस वर्षांचा असताना बेसबॉलची पोरं अमेरिकेला पाठवणारा दलाल आला, खेळ बघून खूश झाला आणि वय ऐकून उठलाच. सतराच्या वरची पोरं तिकडे कुणालाच नको असत. त्याच महिन्यात मावशीचा विल्किन नदीत बुडाला होता, सोळा वर्षांचा. तो चेंडू टाकायचा आणि एलिखियो फलंदाजामागे उकिडवा बसून झेलायचा. दोघे सख्ख्या भावांसारखे. दलालाने मावशीला गाठलं, एलिखियोच्या आईने आपल्या या बहिणीचे पाय धरले, आणि मावशीने मेलेल्या पोराचं नाव दिलं. विल्किन मेलाच नाही असं सगळ्या वस्तीने ठरवलं. त्याला गुपचूप आजोबांच्या कबरीत ठेवलं. क्रूसावर नाव नाही आणि नऊ दिवसांची प्रार्थनाही नाही. दुसऱ्याच्या नावावर खेळायला गेलेले आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण मेलेल्याचं नाव घ्यायचं तर आधी त्याला निरोप द्यावा, एवढी अक्कल कुणालाही असते. आमच्या माणसांना तेव्हा ती सुचली नाही.

मग विल्किन मेर्सेदेस तिकडे बारा वर्षं खेळला. विल्किनच्या पैशाने मावशीचं सिमेंटचं घर झालं, भावांना मोटारी आल्या, त्यातली एकही आज चालत नाही. उरलेला पैसा मेव्हण्याच्या हॉटेलात बुडाला. आता निवृत्तिवेतन येतं तेही विल्किनला, आणि माझं लग्नही कागदोपत्री विल्किनशीच लागलंय. नवरा मेलेला आहे हे ठाऊक असून बोहल्यावर चढणारी मी एकटीच असेन.

एकदा तो मला म्हणाला होता, "भोंग्यावर नाव पुकारलं ना, की माझ्या आधी बाकावरून कुणीतरी उठायचं." मी तेव्हा हसले होते.

"तो येतो माझ्याकडे," मावशी आता म्हणाली. "जेवण उरकून पडले की दारात उभा. आई, माझी बारी कधी, विचारतो. आपण मेलोय हे त्याला कुणी सांगितलंच नाही रे. माझे डोळे मिटायच्या आत त्याचे नऊ दिवस घाला."

"आणि निवृत्तिवेतन?" मी म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

"जाऊ दे, योकास्ता," नवरा म्हणाला. "त्याचं त्याला देऊन टाकू. मला मरताना माझं नाव पाहिजे. माझ्या क्रूसावर माझं."

मी कॉफी पुन्हा गरम केली.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या घरात टेबलावर पांढरी चादर अंथरली, पाण्याचा पेला ठेवला, आरसे झाकले. मध्ये विल्किनचा चेंडू झेलायचा जुना हातमोजा. वस्तीत मयताच्या प्रार्थना सांगणारी दोन्या फेलिपा, म्हणजे फेलिपाबाई, दर दुपारी येऊन प्रार्थना सांगायची, माणसं आल्याचा चहा पिऊन, बिस्किटं खाऊन गप्पा छाटायची. दिवसागणिक नवऱ्याचा डावा हात गप्प होत गेला. आठव्या दिवशी त्याने कप उजव्या हातात धरला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नवव्या दिवशी मृताला तीनदा हाक मारायची असते. कुणी ओ देत नाही. त्या शांततेतच त्याला कळतं की आपण गेलो. मग माणसं भिंतीला सरकून वाट देतात आणि चादर काढतात.

"विल्किन मेर्सेदेस," दोन्या फेलिपाने पुकारलं. सगळे गप्प.

"विल्किन मेर्सेदेस." पेल्यातलं पाणी हललं, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

"विल्किन मेर्सेदेस!"

"हजर!" माझा नवरा ताडकन उभा राहून म्हणाला.

कुणाच्या तरी हातातली बशी निसटून फुटली.

"सवय आहे हो त्याची," मी घाईघाईने म्हटलं. "तिकडे खेळाच्या शिबिरात रोज हजेरी व्हायची. चुकून निघालं तोंडातून. पुन्हा पुकारा ना!"

"पुन्हा नसतं, पोरी." दोन्या फेलिपाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ओ दिलीय. वाट द्या."

माणसं भिंतीला सरकली. मावशीही सरकली, तिचे डोळे कोरडे होते. त्याने टेबलावरचा हातमोजा उचलून उजव्या हातात चढवला, फेकायला डावा मोकळा ठेवून डावखुरे घालतात तसा. सोळा वर्षांच्या पोराचा तो हातमोजा त्याला बरोबर बसला. वर्षानुवर्षं उकिडवं बसून गुडघे गेलेला हा माणूस कठड्याशिवाय एक पायरी उतरत नसे. तो धडाधड पायऱ्या उतरला आणि उसातून नदीकडे जाणाऱ्या वाटेला लागला.

मी दाराशी धावले. 'विल्किन' म्हटलं असतं तर तो वळला असता, मला खात्री होती. पण दोन्या फेलिपाने माझं मनगट धरलं. "ते नाव घेऊ नकोस. दोघंही अडकतील."

तेव्हा मी ते दुसरं नाव घेतलं, सगळ्या संसारात कधी न घेतलेलं.

"एलिखियो!"

तो चालत राहिला.

"अरे एलिखियो, मी बोलावतेय!"

ऊस हलत होता, त्याची पाठ मधूनच दिसत होती.

"एलिखियो!" मी घसा फुटेस्तोवर ओरडले.

कुणी ओ दिली नाही. माझ्यामागे घर चिडीचूप झालं होतं. मी वळले तेव्हा दोन्या फेलिपा, नुकतीच काढलेली चादर झटकून, पुन्हा टेबलावर अंथरत होती.

"पूर्ण नाव काय गं त्याचं?" तिने हळूच विचारलं.

"एलिखियो पोलांको," मी म्हटलं.