ओठांतल्या टाचण्या

आत्या जमिनीवर बसली होती. भोवती निळ्या कापडाचे तुकडे, मांडीवर कात्री आणि वर टेबलावर चहाचा भरलेला कप. मी कपाला हात लावला. गार होता. भरलेला कप इतका गार व्हायला पाऊण तास तरी लागतो.

"कधीपासून बसलीयेस?"

"आत्ताच गं. दोरे निवडतेय."

दोरे केव्हाच निवडून झाले होते. फिकट ते गडद अशी रांगच लावून ठेवली होती तिनं. मग माझ्या लक्षात आलं की शिलाई मशीन जागेवर नाहीये, दुरुस्तीला गेलंय. एरवी ती मशीनच्या लोखंडी पायाला धरून उठायची. आज धरायला काही नव्हतं, म्हणून ती उठलीच नव्हती.

मी हात पुढे केला. तिनं तो धरला, पण उठताना माझ्याकडे पाहिलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय एकसष्ट, धंदा शिवणाचा, मोठ्या मापाचा. तंबू, मंडपाची कापडं, नाट्यगृहाचे पडदे. ही कामं टेबलावर मावत नाहीत. जमिनीवर पसरायचं, गुडघ्यांवर रांगत टाचण्या लावायच्या, उठायचं, लांबून पाहायचं, पुन्हा खाली बसायचं. दिवसातून शंभरदा. आणि त्याच आठवड्यात नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाचा निरोप आला होता. वीस वर्षांपूर्वी आत्यानंच शिवलेला पडदा आता विटला होता, नवा हवा होता. मखमल यायला सहा आठवडे लागणार होते.

"मखमल आली की हो-नाही सांगते, असं म्हटलंय त्याला," आत्या चहा गरम करत म्हणाली. "जमलं तर ठीक. नाही जमलं तर कुलूप लावते दुकानाला. पँटा आखूड करत बसायला मी इथं नाही बसले चाळीस वर्षं."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तोंड का पाडलंस, मोजपट्टी? अजून काही ठरलं नाहीये."

मोजपट्टी म्हणजे मी. लहानपणापासून मला मोजायची खोड आहे, आणि आता पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्याचाच पगार मिळतो.

डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबून पाहिले आणि ते ठणठणीत असल्याचं सांगितलं. दुखणं गुडघ्यात नव्हतंच. पाठीत आणि पोटात बळ नव्हतं. व्यायाम करा, चटईवर झोपून-बसून करायचं पिलाटेस शिका, सावकाश असतं, वयाला झेपतं, असं ते म्हणाले.

"व्यायाम!" आत्या जिना उतरताना म्हणाली. "शाळेत कवायतीच्या तासाला मी बाईंची बटणं लावून द्यायचे आणि सुटायचे. आता कुणाची बटणं लावू?"

"मी येते ना तुझ्याबरोबर."

"तू? तू तर बुटाची नाडी बांधायला खुर्चीवर पाय ठेवतेस."

हे खरं होतं. म्हणून आम्ही दोघींनी नाव घातलं.

वर्ग टायरच्या दुकानाच्या वर होता. जिन्यात रबराचा वास, वर लाकडी फरशी, सहा चटया, भिंतभर आरसा. शिकवणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. ती इतकी सरळ बसायची की आत्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'ताठबाई' ठेवलं. आमच्या शेजारच्या चटईवर एक निवृत्त बस-ड्रायव्हर काका. ते शेवटच्या पाच मिनिटांच्या विश्रांतीत न चुकता घोरायचे.

पहिला व्यायाम ऐकायला सोपा होता. उताणं झोपायचं, गुडघे उभे, नाकानं श्वास घ्यायचा, मग तोंडानं सोडत सोडत डोकं आणि खांदे चटईवरून उचलायचे. मी उचललं आणि माझं पोट असं थरथरायला लागलं की मला वाटलं खाली टायरवाल्यांनी एखादं यंत्र सुरू केलंय.

आत्याचं डोकं तीन बोटं वर आलं आणि धप्पकन खाली गेलं. चेहरा लालबुंद.

"काकू, श्वास कोंडू नका," ताठबाई तिच्याजवळ बसत म्हणाली. "श्वास कोंडला की मान आखडते, आणि पोटाचं काम मान करायला जाते. सोडा श्वास. तोंड उघडा."

आत्यानं पुन्हा डोकं उचललं. ओठ घट्ट मिटलेले.

"तोंड उघडा ना, काकू."

आत्या धपकन आडवी झाली. "बाई गं, जन्मात पहिल्यांदा कुणी मला तोंड उघड म्हणालं. आजवर सगळे बंद कर म्हणत आले."

ड्रायव्हर काका चटईवर कुशीवर होऊन हसले. पण आत्याचं तोंड काही उघडलं नाही. पुढच्या वर्गात नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. उठायचं, ताणायचं, जोर लावायचा असं काहीही आलं की ओठ मिटायचे आणि श्वास आत अडकायचा. वर्गाच्या शेवटी गुडघ्यावरून हात न टेकता उभं राहायचा व्यायाम असे. तो मला तिसऱ्या आठवड्यात जमला. आत्या अर्ध्यात तोल जाऊन माझा दंड धरायची.

"तुझं झालं ना, मग तू कर," ती एकदा जिन्यात म्हणाली. "मला काही हे जमायचं नाही." मस्करीचा सूर नव्हता. नाट्यगृहाच्या फोनला तिनं दोन दिवस उत्तर दिलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

तिचे ओठ का मिटतात, ते दुकानातच कळलं. मी रविवारी गेले तेव्हा ती एका पडद्याची कड दुमडत होती. ओठांत सात टाचण्या. डावीकडून एक काढायची, कापडात टोचायची, पुढची. टोचताना तिचा श्वास थांबत होता. मी घड्याळ लावलं. अकरा सेकंद. मग नाकानं एक छोटा श्वास, पुन्हा नऊ सेकंद. ओठ एकदाही सुटले नाहीत.

"आत्या, तू कायम अशाच धरतेस टाचण्या?"

तिनं सातही संपवल्या, मगच बोलली. "सतरा वर्षांची असल्यापासून. माझ्याबरोबर एक पोरगी शिकत होती, फार हसरी. कुणीतरी काहीतरी बोललं, ती हसली आणि टाचणी गेली घशात. वाचली बिचारी, पण आठवडा दवाखान्यात काढला. तेव्हापासून हात कामाला लागले की माझे ओठ बंद. हसायचं नाही, बोलायचं नाही, तोंडानं श्वास घ्यायचा नाही."

म्हणजे चूक व्यायामातली नव्हतीच. तिच्या शरीराच्या हिशेबी अवघड काम म्हणजे ओठांत टाचण्या, मग त्या असोत किंवा नसोत.

मला वाटलं, प्रश्न सुटला. मी मनगटाला बांधायचा पट्टा केला आणि त्यात कपाटाच्या दाराला लावतात तसलं जोरकस चुंबक शिवलं. टाचण्या मनगटावर चिकटतील, ओठ मोकळे. दोन आठवडे आत्यानं तो माझं मन राखायला वापरला. मग एक दिवस तिनं मला कात्री दाखवली. कात्रीला टाचण्या लोंबत होत्या. सुया एकमेकींना चिकटल्या होत्या. मशीनची दोऱ्याची बॉबिन डबीतून निघत नव्हती.

"तुझ्या शास्त्रानं माझं अख्खं दुकान एकमेकांच्या गळ्यात पडलंय."

चुंबकाजवळ राहिलं की पोलादही चुंबक होतं, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. तरी विसरले. आणि मुख्य म्हणजे वर्गात काहीच फरक पडला नव्हता. ओठ टाचण्यांसाठी मिटत नव्हते, सवयीनं मिटत होते.

मी पट्टा खिशात घातला. आत्यानं माझा चेहरा पाहिला असावा. तिनं माझ्या गालावर हलकेच चापट मारली. "अगं, बिघडलं तर बिघडलं. सहा महिन्यांची होतीस तेव्हा माझ्या बॉबिनी गिळायला निघाली होतीस. तेव्हा नाही रागावले, आता काय रागवायचं!"

दहाव्या वर्गाला ताठबाईनं पुन्हा तेच सांगितलं, "काकू, श्वास." आत्या उताणी झोपली होती. ती क्षणभर छताकडे बघत राहिली. मग तिनं उजवा हात ओठांजवळ नेला आणि चिमटीनं काहीतरी काढलं. काहीच नव्हतं तिथे. ते काही नसलेलं तिनं चटईच्या कडेला ठेवलं. मग दुसरं. तिसरं. प्रत्येक वेळी तितक्याच जपून, टोक खाली येणार नाही असं.

ताठबाई माझ्याकडे पाहत होती. मी मोजत होते. सात.

सातवी ठेवल्यावर आत्याचे ओठ सुटले. "हुऽऽ" असा मोठा आवाज आला, केटलीतून वाफ निघते तसा, आणि त्या आवाजाबरोबर तिचं डोकं वर आलं, मग खांदे, मग पाठीचा वरचा भाग. ती वर राहिली. आरशात स्वतःला पाहून दचकली आणि तरीही वर राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे असं असतं होय!"

ड्रायव्हर काकांनी टाळ्या वाजवल्या. ताठबाईनं पटकन आरशाकडे तोंड केलं आणि डोळे पुसले. त्यानंतर वर्गात सगळ्यांना सवय झाली. आत्याच्या टाचण्या काढून होईपर्यंत कुणी व्यायाम सुरू करायचं नाही.

पण गुडघ्यावरून उभं राहणं बाराव्या वर्गालाही पुरतं जमलं नाही. एकदा उठली, एकदा माझा दंड धरला. आणि मखमल आली.

नाट्यगृहाच्या रंगमंचावर गडद लाल कापडाचे गठ्ठे उघडलेले होते. रिकाम्या खुर्च्यांसमोर व्यवस्थापक उभे होते, हातात घड्या घातलेला कागद.

"बाई, आज सांगा म्हणजे झालं. नाही म्हणालात तर दुसरीकडे बोलावं लागेल."

आत्यानं पिशवी खाली ठेवली. ती गुडघ्यांवर बसली, कापडाची कड हातात घेतली, अंगठ्यानं दाबून पाहिली. पिशवीतली डबी काढली, टाचण्या ओठांत धरल्या आणि हातभर कड दुमडून सारखी करत राहिली. टोचली एकही नाही. वीत लावून माप घेत ती रंगमंचाच्या मधोमध पोचली. तिथे ना मशीनचा पाय होता, ना भिंत, ना खुर्ची.

आता उठायचं होतं.

मी जवळ गेले आणि हात पुढे केला. माझ्या हातून ते आपोआप झालं, आणि झाल्यावर मला वाटलं, करायला नको होतं.

आत्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग ओठांतली पहिली टाचणी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. दुसरी. तिसरी. व्यवस्थापक काहीतरी विचारणार होते, पण थांबले. सातवी ठेवून झाल्यावर तिनं एक पाय पुढे टेकवला.

"हुऽऽ."

रिकाम्या प्रेक्षागृहात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. ती मध्येच एकदा डगमगली. मी हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही, टाचण्या होत्या त्यात. मग ती उभी होती.

तिनं साडीवरचे मखमलीचे तंतू झटकले.

"रुंदी चुकलीय तुमची," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "अर्धा मीटर जास्त लागेल. चुण्यांना कापड कोण देणार? आणि मला खाली अंथरायला स्वच्छ चादरी हव्यात. उद्या सकाळी आठला."

तेव्हा कुठे मी स्वतः श्वास सोडला. किती सेकंद कोंडला होता, ते मोजायचं राहून गेलं. तळव्यावरच्या टाचण्या थोड्या ओल्या होत्या, आणि अजून कोमट.