कळ कुणी लावली?

मी एक जुनी कळ आहे, मित्रांनो. पण नावात कळ असली तरी भांडणाची कळ मी कधी लावली नाही. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका छोट्या गावात, शाळेच्या कचेरीतल्या कीबोर्डावर मी वरच्या रांगेत उजवीकडे बसते. मला 'प्रिंट स्क्रीन' म्हणतात. मला दाबलं की पडद्यावर जे असेल त्याचं जसंच्या तसं चित्र निघतं. आवडेल तेवढं घ्यायचं आणि नको ते सोडायचं, हे मला येत नाही.

कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा माझ्यावरची अक्षरं पांढरीशुभ्र होती. पहिली सतरा वर्षं मी कारकून लोर्नाच्या हाताखाली काढली. संगणक अडला की ती माझ्याकडून चित्र काढून घ्यायची आणि दुरुस्तीवाल्याला पाठवायची. नव्या मास्तरांना हजेरी कशी भरायची ते कळेना, तेव्हा तिने पडद्याच्या चित्रांवर लाल बाण काढून 'इथे दाबा' असं लिहून दिलं. मास्तर म्हणाले, "लोर्ना, तुझे बाण बघत गेलं तर आमचा घोडासुद्धा हजेरी भरेल!" दर शुक्रवारी ती मला ओलसर फडक्याने पुसायची. ते दिवस सोन्याचे होते.

मग लोर्ना निवृत्त झाली आणि तिच्या जागी डेल्बर्ट आला.

शिसारी म्हणजे काय, ते मला त्याने शिकवलं. हा गृहस्थ दिवसभर सूर्यफुलाच्या बिया दाताने फोडतो. टरफलं कपात थुंकतो, त्यातली निम्मी आमच्या अंगावर पडतात. थुंकीने भिजलेलं एक टरफल आठ महिने माझ्या बुडाशी कुजत होतं. पण ती घाण फुंकरीने तरी उडते. त्याने माझ्याकडून जे काम करून घेतलं, त्याची घाण अजून उडालेली नाही.

वर्ना फ्रीसन शाळेची बस चालवते. त्या हिवाळ्यात बसचा हीटर बंद पडला. तो दुरुस्त करून घेणं डेल्बर्टचं काम, पण त्याने सहा आठवडे नुसती टोलवाटोलवी केली, वर 'उशिरा येणाऱ्यांसाठी थांबून बस आणखी गार करू नकोस' असं तिलाच सुनावलं. चालकांनी रोजचा अहवाल संगणकावर भरायचा असतो, तो फक्त डेल्बर्टकडे येतो. त्यात वर्नाने एके दिवशी तीन ओळी लिहिल्या:

"डेल्बर्ट, मुलं बसमध्ये कुडकुडतायत आणि तू ढिम्म.
कुणाला यायला दोन मिनिटं उशीर झाला तर त्याला बर्फात सोडून मी निघून जाईन
असं तुला वाटत असेल तर विसर. हीटर दुरुस्त कर, नाहीतर पेनरबाईंना सांगते."

पेनरबाई म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्ष. डेल्बर्टने तीन वेळा वाचलं आणि मला दाबलं. मी तिन्ही ओळी इमानाने टिपल्या. त्याने चित्र एका पत्रात चिकटवलं आणि तिथेच त्याच्या कडा आत ढकलल्या. वरची ओळ गेली, खालचीही गेली. उरलेल्या मधल्या ओळीभोवती त्याने लाल रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'अशा बाईच्या हाती आपली मुलं द्यायची का?' मग पत्र शाळा समितीला पाठवलं आणि मूळ अहवाल पुसून टाकला. असल्या कामाला माझा हात लागला याची मला किळस आली.

दुसऱ्याच दिवशी वर्नाकडून बसची किल्ली काढून घेतली. बावीस वर्षांची नोकरी राहणार की जाणार, हे गुरुवारी ठरणार होतं.

बुधवारी पेनरबाई कचेरीत आल्या. वय एकोणऐंशी, नजर अधू. समोर वर्ना बसली होती. डेल्बर्टने पत्र उघडून दिलं आणि तो कॉफी आणायला गेला.

"हे तूच लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

"लिहिलं मीच. पण असं नाही लिहिलं हो!" वर्ना कळवळून म्हणाली.

"थांब. अक्षर मुंगीएवढं आहे मेलं. मोठं कसं करायचं हे?"

बाईंनी चित्रावर टिचकी मारली, दिसेल ते बटण दाबलं आणि कड धरून ओढली. आत ढकललेली कड बाहेर आली. असं कापलेलं दिसत नाही, पण ते जातही नाही, हे डेल्बर्टला ठाऊकच नव्हतं.

"अगं वर्ना, याच्या खाली आणखी एक ओळ आहे. आणि वरही!"

डेल्बर्ट कॉफी घेऊन दारात उभा होता. "बाई, ते... ते दिसायला नको होतं."

"दिसायला नको होतं, की असायला नको होतं?" बाई म्हणाल्या. "कॉफी तिकडे ठेव. आणि हीटरवाल्याला फोन लाव, माझ्या देखत."

वर्नाला बस परत मिळाली, हीटरसकट. डेल्बर्टला ताकीद मिळाली. गावात दुसरा कारकून मिळत नव्हता. त्याला लाज वाटली असेल असं मला वाटलं होतं. आठवड्याने त्याने दुरुस्तीवाल्याला फोन केला. "चित्राचा कापलेला भाग कायमचा पुसायची सोय असते ना रे?" सोय असते. त्याने ती कागदावर नीट लिहून घेतली, एक बी फोडली आणि टरफल माझ्यावर थुंकलं.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण कुणाच्या बोलण्याचं चित्र तुमच्या हाती आलं, तर ते चवीने पुढे पाठवण्याआधी वरची आणि खालची ओळ मागा. मिळाली नाही तर ते चित्र घाण समजा आणि हात धुवा.

वर्ना पूर्वी अहवालात भरभरून लिहायची. कुणाचा दात पडला, कुणाला बहीण झाली. आता रोज एकच ओळ येते: 'बस आली, मुलं आली.' कुणाला कापता येईल असं ती काही लिहीतच नाही.