सेलला दाखवलेलं ऊन

“तुझं ते मशीन पुरीसारखं टम्म फुगलंय गो,” प्रेमलताबाई सहज म्हणाल्या आणि अक्षदाने चमकून वर पाहिलं.

अंगणात बांबूच्या मांडणीवर सोललेली राजेळी केळी वाळत घातली होती. सासूबाई बोलता बोलता एकेक सुकेळं हलक्या हाताने परतत होत्या. अक्षदाला दुकानाची सुट्टी होती, म्हणून ती मदतीला येऊन बसली होती.

“कुठलं मशीन, आई?”

“ह्यांचं गाण्याचं. सकाळपासून इथेच तर ठेवलं होतं, केळ्यांच्या शेजारी. सेलला ऊन दाखवलं की जोर धरतो म्हणाले. आता वाडीत घेऊन गेले.”

“हातात?”

“हातात कशाला? बंडीच्या खिशात. कानात ती बोंडं घालून.”

बंडीचा खिसा छातीवर असतो, डाव्या बाजूला. अक्षदा उठली. चप्पल शोधायचंही तिला सुचलं नाही.

आता यात सासऱ्यांची चूक काढावी तर कोणत्या तोंडाने? टॉर्चचे, रेडिओचे सेल मंदावले की ते पायरीवर उन्हात मांडायचे आणि आणखी थोडे पिळून घ्यायचे, हे आगाशीत काय, घरोघरी चालत आलेलं शहाणपण. त्यातून सुकेळी करणारं घर. तिथे ऊन म्हणजे दहा रोगांवरचं एक औषध. दिनानाथांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की या नव्या सेलचं आणि उन्हाचं हाडवैर आहे!

अक्षदाला ते ठाऊक होतं. आणि त्याहून वाईट असं आणखी एक तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तो प्लेअर थोरल्या दिरांनी मस्कतहून पाठवलेला. दिनानाथांचा जीव की प्राण. केळींना पाणी सोडताना त्यांना नाट्यपदं लागत. पण मशीन जुनं झालं, बॅटरी अर्ध्या सकाळीच मान टाकू लागली. अक्षदा विरारला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती आणि ते काम सासऱ्यांना मुळीच पसंत नव्हतं. “बायकांनी स्क्रू फिरवायचे, मग पुरुषांनी काय पापड लाटायचे?” हा त्यांचा ठरलेला टोमणा. त्याच दिनानाथांनी एका संध्याकाळी काही न बोलता प्लेअर तिच्यापुढे आणून ठेवला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी आपली एखादी वस्तू तिच्या हाती सोपवायची ती पहिलीच वेळ. तिला कोण आनंद झाला!

आनंदात माणूस जरा जास्तच करतो. तिने आतली गरगर फिरणारी चिमुकली डिस्क काढली आणि तिथे मेमरी कार्ड बसवलं. आवाजाच्या वाटेवरचे कपॅसिटर बदलले, तसा तबल्याचा डग्गा घुमू लागला. कानात गच्च बसणारे रबरी इयरफोन आणले. आणि बॅटरी घातली ती जुनीच्या दुप्पट ताकदीची. तिथेच घोडं अडलं. झाकण बसेना. बॅटरीच्या टोकाला एक इवलीशी पट्टी असते. बॅटरी जास्त भरली, जास्त तापली तर वीज तोडणारी, राखणदारच म्हणा ना. अक्षदाने ती कापून टाकली, तारा थेट जोडल्या आणि झाकण टक्‌कन बसलं. चालतं एवढं, असं ती स्वतःशी म्हणाली. दुकानात कुणी असं केलं असतं तर तिनेच त्याला फाडून खाल्लं असतं.

आणि दिनानाथ तर मशीन रोज रात्रभर चार्जिंगला लावत होते. लोडशेडिंगचा काही नेम नाही, भरून ठेवलेलं बरं, असा त्यांचा हिशोब.

“बाबा!” वाडीत शिरताच तिने हाक मारली. “बाबाऽऽ!”

केळीच्या रांगांमधून कुणीच ओ दिली नाही. पाटातल्या चिखलात तिचा पाय घसरला, सुपारीच्या खोडाला धरून ती सावरली आणि पुन्हा धावली. अशी बॅटरी पेटली की ती फटाक्यासारखी एकदा वाजून गप्प बसत नाही, आग ओकत राहते. दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात एक पेटलेली तिने पाहिली होती. इथे डबा नव्हता, सुती बंडी होती आणि आत म्हाताऱ्या माणसाची छाती होती.

बावखलाच्या, वाडीतल्या त्या तळ्याच्या, पलीकडे तिला ते दिसले. पाठमोरे. तालावर मान डोलत होती.

“बाबा, खिशातलं काढा! फेकून द्या ते!”

मान डोलतच राहिली. त्यांना ऐकू जाणार तरी कसं? बाहेरचा चिटपाखराचा आवाज आत येऊ नये, असे इयरफोन तिने निवडून आणले होते. सासऱ्यांच्या कानांना तिने आपल्याच हाताने कुलूप घातलं होतं.

दिनानाथ वाकले. पायाशी नुकताच उतरवलेला केळ्यांचा भलाथोरला घड पडला होता. आता ते तो उचलणार, छातीशी कवटाळणार आणि मग खांद्यावर घेणार, हे अक्षदाला लख्ख कळलं. फुगलेली बॅटरी दाबली की संपलं. बावखलाला वळसा घालून तिथवर पोचायला वेळ नव्हता. तिने खाली वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि जिवाच्या आकांताने भिरकावलं.

सासऱ्याला ढेकूळ मारणारी सून आगाशीने त्याआधी पाहिली नसेल. ढेकूळ पाठीत बसलं. दिनानाथ घड तिथेच सोडून गर्रकन वळले, एक बोंड कानातून निसटलं.

“कोण रे तो हरामखोर?” ते गरजले. मग त्यांना समोर सून दिसली, केस सुटलेली, चिखलाने माखलेली, आणि ते गोंधळूनच गेले. “काय झालं गो?”

ती वळसा घेऊन धावत येत होती. बोलायला दम नव्हता. तिने सरळ त्यांच्या छातीवरच्या खिशात हात घातला. प्लेअर भाजत होता. झाकण एका बाजूने उचकटलं होतं. तिने तो वायरसकट ओढला आणि मोकळ्या जमिनीवर लांब फेकला.

तो पडला आणि काहीच झालं नाही. दिनानाथांचा चेहरा लाल झाला. ते तोंड उघडणार इतक्यात मशीन फुसफुसलं, पांढरा धूर आला आणि पाठोपाठ जाळ. दोघं मागे सरली. दिनानाथांचा हात नकळत बंडीच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

घरी येऊन ते ओसरीवर बसले. प्रेमलताबाईंनी तांब्याभर पाणी दिलं.

“माझीच अक्कल गेली शेण खायला,” ते बायकोला म्हणाले. “उन्हात ठेवलं म्हणून झालं. पोरीने चांगलं करून दिलं होतं, मी नासवलं.”

अक्षदा दाराशी उभी होती. गप्प राहिली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. प्रेमलताबाई तर तिच्याकडे देवी पावल्यासारख्या बघत होत्या. वाडीत वाटली नव्हती एवढी भीती तिला आत्ता वाटली.

“बाबा, नुसत्या उन्हाने नाही झालं,” ती म्हणाली. “त्यात एक पट्टी असते, धोका झाला तर वीज तोडणारी. झाकण बसत नव्हतं म्हणून मी ती कापली होती.”

दिनानाथांनी तांब्या खाली ठेवला.

“तू सांगितलं नसतंस, तर मला कळलं असतं?”

“नाही.”

“मग सांगितलंस कशाला?”



“तुम्ही मला चांगलं म्हणालात ना,” ती म्हणाली. “ते ऐकून गप्प बसले असते, तर पुढच्या वेळी परत पट्टी कापली असती.”