जित्या जिवाची गणती

तुंगार्लीच्या अंगाला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथं छकुलीला घेतलं तर तिची पाचवी होणार होती, नाहीतर शाळा संपली. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. आंदर मावळातल्या त्या डोंगरावरून एकट्या पोरीनं रोज खालच्या गावाला उतरायचं आणि चढायचं, तेही भर पावसात, हे कोणती आई कबूल करील? वसतिगृह नाही तर गुरं, इतकं ते सरळ होतं. छकुलीची आई बाया स्वतः जन्मभर गुरांमागं हिंडली होती. पोरीच्या नशिबी तरी ते नको, म्हणून ती तिला परीक्षेला घेऊन आली होती.

वाडीच्या शाळेतले कैलास गुरुजी म्हणायचे, हिशेबात पोरगी चाबूक आहे. चिंचोके पुढ्यात टाकायचा अवकाश, उत्तर तयार. निघताना मात्र त्यांनी बायाला बजावलं होतं, "तिथं नजर-बिजर, देवदेवस्की काही बोलू नका. मागासलेली म्हणून नाव काढून टाकतील." बायानं ते मनात पक्कं धरलं होतं. तोंड उघडायचंच नाही, म्हणजे चुकायलाही नको.

परीक्षा घेणाऱ्या यशोधराताई माणूस म्हणून सोन्यासारख्या. त्यांनी छकुलीला जवळ बसवलं, पाणी दिलं, बायालाही आग्रहानं खुर्ची दिली. बाया खुर्चीच्या कडेला टेकली. शहरातल्या पुस्तकांत विमानं आणि केक यांची गणितं असतात, डोंगरातल्या पोरांना त्यातलं काय कळणार, असा विचार करून ताईंनी मुद्दाम गोठ्यातली गणितं काढली होती. मन चांगलं होतं हो. पण चांगल्या मनाचं माणूससुद्धा नेमका दुखऱ्या जागेवर कसा पाय देतं, ते बघा.

"या चित्रात किती वासरं आहेत, सांग बरं?"

छकुलीनं चित्र पाहिलं आणि मान खाली घातली.

"बरं, वासरं राहू देत. इथं शेळ्या आहेत. यातल्या दोन रानातून परत आल्या नाहीत. उरल्या किती?"

पोरीनं ओठ घट्ट मिटले. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले, बोटं दिसायलाच नकोत म्हणून.

पोर का गप्प आहे ते बायाला ठाऊक होतं, कारण ते तिनंच शिकवलं होतं. वाडीत जित्या जिवाला मोजत नाहीत. संध्याकाळी गुरं उतरली की म्हातारी माणसं नावानं हाका मारतात, कोण मागं राहिलं ते बरोबर ओळखतात, पण आकडा कुणी उच्चारत नाही. आकडा घातला की त्यातलं एक कमी होतं म्हणतात. बायाचा यावर पूर्वी अर्धामुर्धाच विश्वास होता. मग एकदा पाहणीवाली बाई आली, पोरं किती म्हणाली, आणि बाया तोऱ्यात बोलून गेली, "दोन." त्याच पावसाळ्यात छकुलीच्या पाठचा आकाश तापानं फणफणला. झोळीत घालून खाली रस्त्याला आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ झाला होता. वाडीला कारण आधीच कळलं होतं. तेव्हापासून छकुलीनं माणसाकडे किंवा जनावराकडे बघून बोट उचललं की बाया ते खाली दाबायची.

आणि आता घरी आजीच्या मांडीवर छकुलीचा तान्हा भाऊ माऊली होता. अजून रांगायलाही लागला नव्हता, आणि सकाळी निघताना त्याचं अंग चांगलंच तापलेलं होतं.

ताईंनी चित्रं बाजूला ठेवली. "जाऊ दे ते. तुझ्या घरी कोण कोण आहे गं?"

नावं घ्यायला काही बंदी नव्हती. छकुली खुलली. "आये, आबा, आजी, मी आन माऊली."

"शाब्बास! मग सगळी मिळून किती?"

छकुलीनं आईकडे पाहिलं. बायाच्या डोळ्यांपुढं ती झोळी आली, आणि तो कातळही आला, ज्यावर गुरं राखत तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. तिनं छातीवर दगड ठेवला.

"सांग, छकुले. मी सांगते न्हवं? सांग."

छकुलीनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "चार."

"आत्ता पाच नावं घेतलीस ना बाळा? पुन्हा बघ."

"चार," छकुली ठामपणे म्हणाली.

कोण गळलं ते बायाला त्या क्षणी कळलं. स्वतःला धरलं होतं, आईला धरलं होतं, म्हाताऱ्या आजीलाही धरलं होतं पोरीनं.

ताई हळूच बायाकडे वळल्या. "मुलगी गुणी आहे हो. पण हिला मोजताच येत नाही. पाचवीत कशी घेऊ?"

पोरीचं बरोबर हाय, येकाला सोडून मोजलंय तिनं, असं बायाच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण कुणाला सोडलं ते सांगायचं म्हणजे त्याला आकड्यात घालायचं. शिवाय गुरुजींनी बजावलेलं होतंच. बाया उठली, ताईंना हात जोडले आणि पोरीला घेऊन बाहेर पडली.

रस्त्यावर छकुलीनं तिचा पदर ओढला. "आये, म्या माऊलीला धरला न्हाई. त्याला काय व्हनार न्हाई ना?"

"न्हाई," बाया म्हणाली. "लय शानी गं माझी बाय." बोलताना तिला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी माऊलीचा ताप उतरला. पोरीनं भावाला राखलं, असं वाडीत जो तो म्हणाला. ते ऐकून छकुलीचा चेहरा फुलला, आणि काठी घेऊन ती हसत गुरांमागं निघाली. बायाला तिच्याकडे बघवलं नाही.