बापाच्या जोराचे बाण

घुनैमच्या तंबूत मधल्या खांबाला एक काळं धनुष्य टांगलेलं असायचं. शिंग आणि जनावराची तात सरसाने चिकटवून केलेलं, एका हाताने उचललं तरी जड लागणारं. दर चार दिवसांनी तो त्याला चरबी चोळायचा. विहिरीवर उंटांना पाणी पाजायला आलेल्या कुणी आत डोकावलं तर त्याला वाटावं, म्हातारा अजून हेच ओढतो. खरं म्हणाल तर खांदा निखळल्यापासून त्या धनुष्याला दोरी चढवणंसुद्धा त्याला जमत नव्हतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

शिकार व्हायची ती दुसऱ्याच धनुष्याने. एका तुर्कमान मेंढपाळाला दोन कातडी देऊन घेतलेलं, लहानसं, बायकांनी कोल्हे हाकलायला वापरावं तसलं. त्याला पेलतील असे बोरूचे पातळ बाण घुनैम स्वतःच करायचा. असल्या धनुष्याने हरीण पाडायचं तर अगदी जवळ जावं लागतं, आणि जवळ जाता यायचं ते शहबामुळे. शहबा म्हणजे त्याची करडी गाढवीण. ती चरत चरत कळपाकडे सरकायची, हा तिच्या पोटाआड वाकून चालायचा, आणि हरणांना वाटायचं, गाढवच तर आहे. बायको गेल्यापासून बोलायलाही त्याला तीच उरली होती. प्रश्न तो विचारायचा आणि तिच्या वतीने उत्तरही तोच द्यायचा.

एकुलता एक मुलगा शबीब दमिश्कला, बाणांच्या बाजारात. मिसरूड फुटताना गेला तो गेलाच. तिथे बाण घडवण्यात त्याचं नाव झालं, म्हणे. म्हणे म्हणायचं कारण, जे काय कळायचं ते मिठाच्या वर्दानकडून. वर्दान मिठाचे उंट घेऊन जाता-येता विहिरीवर उतरायचा, आणि प्रत्येक वेळी घुनैम त्याच्याजवळ एकच निरोप द्यायचा. "सांग त्याला, काळं धनुष्य अजून बोलतं." आता मला सांगा, पोटच्या पोरापासून बापाने हात थकल्याचं कशाला लपवावं? पण घुनैमचा हिशेब निराळा होता. शबीब कधी आला तर बापाबरोबर शिकारीला म्हणूनच येईल. दोरी ओढता येत नाही अशा म्हाताऱ्यापाशी येऊन तो करणार काय, चूल राखणार?

आणि एका वसंतात, हरणांचे कळप उत्तरेकडे निघाले असताना, शबीब खरंच आला. दाढीत पांढरं दिसायला लागलेलं, पायात शहरी जोडे.

"बाबा, ही शहबा अजून जिवंत आहे?"

"तुझ्यासारखी शहरात राहिली असती तर मेली असती," घुनैम म्हणाला, आणि पाठ फिरवून उगाचच चुलीत काटक्या घालत बसला. डोळे भरले होते, ते धुरावर ढकलायला बरं.

जेवताना शबीबने कातड्यात गुंडाळलेली एक जुडी बापापुढे ठेवली. बाण होते. सरळ, जाड, भारी लाकडाचे, गिधाडाची पिसं लावलेले. "तुझ्या काळ्या धनुष्याचे," तो म्हणाला. "लहानपणी तू ते ओढताना मी बघायचो ना, तो जोर अजून माझ्या हाताला ठाऊक आहे. हलका बाण घातला तर ते धनुष्य फाटेल. म्हणून हे एवढे जड केलेत."

घुनैमने एक बाण अंगठ्याच्या नखावर उभा धरून गिरकी दिली. भिंगरी जराही थरथरली नाही. बाण सरळ आहे का हे बघायची ही रीत त्यानेच पोराला शिकवली होती. "ठीक आहेत," तो म्हणाला. आतून मात्र त्याचा जीव सुपाएवढा झाला होता. आणि त्याच वेळी धास्तीही बसली, कारण हे बाण ज्याच्या जोराचे होते तो माणूस त्या तंबूत आता राहत नव्हता.

शबीब विहिरीवर हात धुवायला गेला, तशी घुनैमने आपली बोरूच्या बाणांची चळत उचलून खोगिराच्या गवतात खुपसली. बाण घडवणारा माणूस बाण हातात घेऊन तो ओढणाऱ्याचं बळ सांगतो. ते पोराने बघून चालणार नव्हतं.

सकाळी निघताना त्याने खांबाकडे हात केला आणि मागे घेतला. "काळ्याचा सरस हिवाळ्यात ओल धरून बसलाय. आज ओढलं तर उकलेल. आजच्यापुरतं हे लहान घेतो."

"घे की," शबीब म्हणाला.

शहबा पुढे, तिच्याआड बापलेक दोघं वाकलेले. "अजून घोरतोस का रे?" घुनैमने हळूच विचारलं. "बायको सांगते घोरतो म्हणून," शबीब कुजबुजला. मुलाचं लग्न झालंय हे बापाला असं, गाढवाच्या पोटाआड कळलं. त्याने मान हलवली आणि चालत राहिला. त्याला वाटलं, ही चाल संपूच नये.

शहबाने त्यांना नेहमीसारखं जवळ नेलं. एक नर मान खाली घालून चरत होता. घुनैमने बिस्मिल्ला म्हटलं आणि लहान धनुष्यातून शबीबने आणलेला बाण सोडला. बोरूचा बाण असता तर काळजात गेला असता. पण असला जड, ताठ बाण लहान धनुष्याला ऐकतो कुठे? तो बाजूला मुरडला, खाली आला आणि हरणाच्या मांडीत जेमतेम रुतला. हरीण बाण घेऊन उधळलं.

जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही, ही आमच्यातली रीत. दोघं माग काढत ऊन डोक्यावर येईतो चालले. एका ओहोळात ते बसलेलं सापडलं, शबीबने सुरी फिरवली. मग त्याने बाण उपटला आणि रक्त कुठवर लागलंय ते बघितलं. बोटाच्या एका पेराएवढं. रक्ताच्या कडेवर त्याने नख टेकवलं.

"चूक माझी," तो म्हणाला. "फार जड झाला. आण बघू ते धनुष्य."

दोन बोटांनी त्याने दोरी किंचित ओढली, सोडली आणि धनुष्य परत दिलं. घुनैम त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तोंडावर काहीच दिसलं नाही.

"शहरात सगळे असले जडच बाण करता की काय?" घुनैमने विचारलं.

"हो ना. शहाणे कमी आहेत तिथे."

दोघंही हसले. घुनैमला वाटलं, निभावलं.

शबीब आणखी एक दिवस राहिला. निघताना घुनैम शहबाच्या पाठीवरची धूळ झटकत म्हणाला, "पुढच्या वसंतात काळं धनुष्य सुकलेलं असेल."

"येईन की," शबीब म्हणाला.

या दोन शब्दांवर म्हाताऱ्याने वर्ष काढलं. शहबाला रोज सांगायचा. मुलाला निजायला म्हणून त्याने नव्या कातड्यांचं अंथरूण शिवलं. कळप दिसायला लागले तसा तो दर सकाळी टेकाडावर जाऊन दमिश्कच्या वाटेकडे बघत बसायचा.

आला तो वर्दान.

"म्हातारबा, आहेस का अजून?" म्हणत त्याने उंट बसवले आणि मिठाच्या पोत्यांमधून तीन जुड्या काढून दिल्या. "तुझ्या लेकाने पाठवल्यात."

"तो कधी येतोय?"

"ते काही बोलला नाही. दुकान वाढलंय त्याचं, मान वर करायला फुरसत नाही."

संध्याकाळी घुनैमने पहिली जुडी सोडली. बोरूचे बाण, टोकाला जरासं वजन, बाकी अंग लवचीक. त्याने लहान धनुष्य घेतलं आणि पन्नास पावलांवरच्या झुडपावर एक सोडला. बाण सरळ जाऊन बुंध्यात पिसांपर्यंत शिरला. म्हणजे शबीबला सगळं कळलं होतं. त्या ओहोळातच कळलं होतं, आणि तरी तो हसला होता. घुनैमला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मग त्याने दुसरी जुडी सोडली. हे बाण पहिल्यांहून बारीक होते. लहान धनुष्यालाही हे हलके पडतील, असा कसा पोरगा चुकला, असं मनाशी म्हणत त्याने तिसरी सोडली. त्यातले तर काडीसारखे होते. पोरं चंडोल मारायला बाभळीची फांदी वाकवून धनुष्य करतात, त्याच्या जोराचे.

पोरगा चुकला नव्हता. पहिली जुडी आताची. दुसरी, हात आणखी उतरेल तेव्हाची. तिसरी, त्याच्याही नंतरची. बाप कसा कसा थकत जाईल ते शबीबने त्या एका दिवसात जोखलं होतं, आणि सगळं एकदम पाठवून दिलं होतं.

"वर्दान, काहीच म्हणाला नाही का तो?"

वर्दान भाकरी मोडत होता. "म्हणाला ना. बाबाला हे शेवटपर्यंत पुरतील."

घुनैम चुलीपाशी बसून एकेक बाण नखावर फिरवायला लागला. एखादा तरी वाकडा निघावा. परत पाठवायला निमित्त झालं असतं. तिन्ही जुड्या संपल्या, एकही थरथरला नाही. इतकं मन लावून केलं होतं पोराने, आणि इतक्या मायेने तो येणार नव्हता.

मग म्हाताऱ्याने तिसऱ्या जुडीतला एक बाण उचलला, चुलीच्या धगीवर धरला आणि मधला भाग गरम झाल्यावर गुडघ्यावर दाबून मधोमध वाकवला.

सकाळी वर्दान निघाला तेव्हा तो त्याने त्याच्या हातात ठेवला. "त्याला दे. म्हणावं वाकडा निघाला, येऊन बघ."

वर्दानने बाण उलटसुलट केला. मधे करपल्याचा डाग होता. "अरे, हा तर तू वाकवलायस. मला मीठवाल्याला कळतंय, त्याला नाही कळणार?"

"कळू दे," घुनैम म्हणाला. "या खेपेला त्याला कळावं म्हणूनच वाकवलाय."

वर्दानने पुढे काही विचारलं नाही. बाण मिठाच्या पोत्यात खोचला आणि उंट उठवले. आणि घुनैमने तंबूत जाऊन खांबावर दाखवायला टांगलेलं काळं धनुष्य खाली काढलं.